पाच संस्थापक आणि एक कढई

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'उद्योजकता' नावाचा विषय होता आणि त्याला पुस्तक नव्हतं. पुस्तक नाही म्हणजे मार्क फुकटचे, असं आम्ही धरून चाललो होतो. सरांनी पहिल्याच तासाला आमचा गैरसमज दूर केला. धंदा वाचून येत नाही, करूनच येतो. तेव्हा प्रत्येक गटाने नवा उद्योग काढायचा, खरा माल खऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा आणि सत्राच्या शेवटी परीक्षकांपुढे उभं राहून गुंतवणूक मागायची. गटात कोण कोण, हेही आपण ठरवायचं नाही. हजेरीपटावरचे लागोपाठचे पाच नंबर म्हणजे एक कंपनी. लग्नाला निदान पत्रिका तरी बघतात.

पहिल्या बैठकीत उद्योग कसला करायचा हे ठरलं नाही, पण पदं वाटून झाली. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर सीईओ झाला, कारण ब्लेझर फक्त त्याच्याकडे होता. जळगावच्याने कॉम्प्युटर केलेलं, म्हणून तो सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञानप्रमुख. नागपूरकरीण इन्स्टाग्रामवर असायची, म्हणून मार्केटिंग तिच्याकडे. चिपळूणचा फार्मसीवाला बैठकीला उशिरा आला, तोपर्यंत एकच पद उरलं होतं, ते म्हणजे ऑपरेशन्स. म्हणजे प्रत्यक्ष काम. मी साताऱ्याकडची बी.कॉम., म्हणून सीएफओ. चहाचे पैसे कोणी दिले हे लिहून ठेवणं, एवढंच त्या वेळी माझं कार्यक्षेत्र होतं.

सरांचं आवडतं उदाहरण लिज्जत पापडाचं. १९५९ साल, गिरगावातल्या चाळीची गच्ची, सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये. हे ऐकलं की आमच्या सीईओच्या अंगावर काटा यायचा. मला मात्र दर वेळी एकच गोष्ट खटकायची. त्या सातही जणींना पापड लाटता येत होते. त्यांच्यातली एक सीईओ, एक सीटीओ आणि एक ब्रँडिंगवाली असती, तर गच्चीवर पापड वाळण्याऐवजी नुसत्या बैठका झाल्या असत्या.

उद्योगाची कल्पना सुचली ती मेसच्या वरणामुळे. नागपूरकरणीने एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "याला कोणी फोडणी देऊन राहिलं नाही का?" सीईओ खुर्चीवरून उठलाच. तयार फोडणी! छोट्या पाकिटात! हॉस्टेलवाले, नोकरीवाले, परदेशी शिकणारी पोरं, सगळे आपले! सीटीओने लगेच ॲप करायला घेतलं. फोडणीला ॲप कशाला, असं फार्मसीवाल्याने विचारलं तेव्हा त्याच्याकडे दयेने बघण्यात आलं.

मग कॅनव्हास आला. ऑस्टरवाल्डर आणि पिन्यूर या दोघांनी २०१० च्या सुमारास जगभर गाजवलेला हा बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे नऊ चौकटींचा तक्ता. ग्राहक कोण, त्याला देणार काय, पैसे येणार कुठून, जाणार कुठे, वगैरे. त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. आमच्या वर्गात पंखा फुल स्पीडवरच चालायचा, त्यामुळे 'खर्च' चौकटीतल्या चिठ्ठ्या उडून 'उत्पन्न' चौकटीत जाऊन बसायच्या. आमचा ताळेबंद सगळ्यात सुदृढ दिसला तो त्याच आठवड्यात.

बाजारपेठेचा आकडा सीईओने स्वतः काढला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात. त्यातल्या फक्त एक टक्का लोकांनी आठवड्याला फक्त एक दहा रुपयांचं पाकीट घेतलं, तर वर्षाला ५८ कोटी. 'फक्त' हा शब्द तो इतक्या नम्रपणे उच्चारायचा की नाही म्हणणाराच हावरट वाटावा. त्या दिवशी कंपनीच्या खात्यात, म्हणजे माझ्या पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात, प्रत्येकी पाचशेप्रमाणे अडीच हजार रुपये होते.

या अडीच हजारांची मालकी कोणाची किती, यावर मात्र रात्री दोनपर्यंत खल झाला. सगळ्यांना वीस-वीस टक्के, असं मी सुचवलं. सीईओ म्हणाला, कल्पना त्याची. नागपूरकरीण म्हणाली, वरण तिने चाखलं. सीटीओने अमेरिकेतल्या कंपन्यांची पद्धत सांगितली, ज्यात चार वर्षं टिकल्यावरच संस्थापकाला पूर्ण हिस्सा मिळतो. आमचा कोर्स चार महिन्यांनी संपणार होता. फार्मसीवाला एवढंच म्हणाला, "मला टक्के नकोत, भांडी कोण घासणार ते आधी लिहून द्या." ते कलम करारात आलंच नाही.

अमेरिकेतले उद्योजक आणि प्राध्यापक स्टीव्ह ब्लँक यांचा मंत्र आहे की वर्गात बसून ग्राहक कळत नाही, इमारतीबाहेर पडा. आम्ही गेटबाहेरच्या टपरीपर्यंत पडलो. तिथे आपल्याच वर्गातली पोरं चहा पीत होती. "तयार फोडणी मिळाली तर घ्याल का?" सगळे हो म्हणाले. मैत्रीत कोण नाही म्हणतं? सरांनी तो सर्व्हे आम्हाला परत दिला आणि अनोळखी माणसांना विचारायला पिटाळलं. मंडईत कोथिंबिरीची जुडी निरखणाऱ्या एका आजींना मी गाठलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाकिटातली फोडणी गार असणार ना?"

"हो आजी, पण गरम करून वापरायची."

"कशात?"

"कढल्यात."

"म्हणजे गॅस पेटवायचा, कढलं ठेवायचं. मग वाचलं काय?"

"मोहरी तडतडायचा वेळ."

आजींनी जुडी परत ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मुलाखतीचा फॉर्म मी घरी येऊन भरला. 'ग्राहकाची प्रतिक्रिया' या रकान्यात सीईओने लिहायला लावलं : 'विचारप्रवृत्त'.

उत्पादनासाठी स्वयंपाकघर हवं होतं. सीईओचं घर कोथरूडला होतं, पण त्याच्या आईने "आमच्याकडे नाही" एवढ्या दोन शब्दांत विषय संपवला. शेवटी कर्वेनगरला मी आणि नागपूरकरीण जिथे भाड्याने राहायचो, ते स्वयंपाकघर मुक्रर झालं. घरमालकीण काकू खालीच राहायच्या. त्यांनी मोठी लोखंडी कढई दिली, मुलं आठच्या आत घराबाहेर गेली पाहिजेत असं बजावलं, आणि जाता जाता "कसली गं कंपनी?" म्हणून चौकशीही केली.

पाच जिल्ह्यांची पाच माणसं एका कढईभोवती उभी राहिली की फोडणी हा किती स्फोटक विषय आहे ते कळतं. पुणेकराला मोहरी, हिंग, हळद यापलीकडे काहीही अतिक्रमण वाटायचं. नागपूरकरणीला तिखट दिसल्याशिवाय ती फोडणीच वाटेना. मला सुकं खोबरं हवं होतं. चिपळूणकराने कढीपत्ता टाकला, तर पाणी निथळलेलं नसल्याने तेल असं उडालं की सीईओ ब्लेझरसकट गॅलरीत गेला. आणि जळगावकर लसणावर अडून बसला. लसूण नसेल तर मी राजीनामा देतो, म्हणाला. तेव्हा एरवी गप्प असणारा फार्मसीवाला उभा राहिला. तेलात बुडवलेला लसूण बाहेरच्या तापमानाला ठेवला की हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वासही येत नाही, चवही बदलत नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"चव बदलत नाही ना? मग झालं तर," मार्केटिंग म्हणालं.

"चव नाही बदलत. गिऱ्हाईक कमी होतं."

लसूण रद्द झाला. माझ्या मते अख्ख्या सत्रात कंपनीने घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय, आणि तो ज्याच्याकडे टक्केच नव्हते त्याने घेतला.

खरी परीक्षा पुढेच होती. पाकिटं भरायची आणि तोंड शिवायचं, म्हणजे हाताने दाबायच्या सीलिंग मशीनने चिकटवायचं. मशीन दिसायला मोठ्या स्टेपलरसारखं. तार तापते, प्लास्टिक वितळतं, तोंड बंद. पण पाकिटाच्या ओठाला तेलाचा नुसता ओशटपणा लागला की प्लास्टिक चिकटत नाही. चिकटल्यासारखं दिसतं, बोटाने दाबून पाहिलं तर टिकतंही, आणि खोक्यात आडवं ठेवलं की तासाभरात हळूच रडायला लागतं. आम्ही चमच्याने भरलं, नरसाळ्याने भरलं, फार्मसीवाल्याने सिरिंज आणली. सिरिंजमध्ये मोहरी अडकली. त्याने दट्ट्या जोरात दाबला आणि मोहरीचा तो दाणा थेट सीटीओच्या लॅपटॉपवर, ॲपच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. ॲपशी फोडणीचा तेवढाच काय तो संबंध आला.

अशा वेळी सीईओ लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण द्यायचा. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात, लोखंडाने जमीन नासेल म्हणायचे, पण ते खचले का?

"अरे, नांगर गळत नव्हता," हात पुसत फार्मसीवाला म्हणाला.

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. त्या वेळी बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये भरून साधी नोंदणी व्हायची. सीईओला हा अपमान वाटला. आपली उलाढाल ५८ कोटी, वीस कोटींच्या वर सेंट्रल लायसन्स लागतं, तर आपण तेच काढू, हा त्याचा हट्ट. मी पर्सचा कप्पा उघडून दाखवला. मग लेबल. वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि शाकाहारी हिरवा ठिपका. हिरवा ठिपका आपल्या कलर पॅलेटमध्ये बसत नाही, म्हणून नागपूरकरणीने तो केशरी करून पाहिला. नावावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, त्यामुळे पाकिटावर नुसतंच 'फोडणी' छापलं गेलं.

या सगळ्यात मी अप्पांना फोन केला. गावी आमचं किराणा दुकान आहे. अप्पांनी कॅनव्हास पाहिलेला नाही. त्यांची सगळी चौकट उधारीच्या लाल वहीत. माझं सादरीकरण त्यांनी हं-हं करत ऐकलं आणि विचारलं, "मला कितीला पडंल?"

"आठला, अप्पा. विकायचं दहाला."

"स्कीम काय? डझनावर किती?"

"स्कीम नाही."

"गळका माल परत घेणार?"

मी गप्प.

"उधारी किती दिवसांची?"

"आमचं रोखीचं आहे."

"बरं," अप्पा म्हणाले. "अभ्यास कर." लेकीचा फोन त्यांनी एवढ्या घाईने कधी ठेवला नव्हता.

शेवटी कॉलेजच्या आवारात प्रत्येक गटाने स्टॉल लावायचा दिवस आला. आमचं टेबल तेलाने चकचकीत झालेलं. चव दाखवायला म्हणून आम्ही मेसमधून उरलेला भात आणला आणि पाकीट फोडून तिथेच फोडणीचा भात परतायला घेतला. हिंगाचा वास जिन्यावरून वर गेला आणि दुसऱ्या मजल्यावरची लेक्चर्स खाली आली. दोन चमचे खाऊन प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "प्लेट कितीला?" पाकिटांकडे कोणी बघेना. सीईओ सांगत होता की हा नमुना आहे, उत्पादन ते आहे. एका प्राध्यापकांनी "बरं, मग नमुनाच द्या दोन प्लेट" असं सांगून नोट पुढे केली. ती नोट मी घेतली. दहा मिनिटांत पाटीवरचं 'फोडणी' खोडून 'फोडणीचा भात ३० रु.' झालं, भात संपला, सीटीओला मेसमध्ये पुन्हा पळवलं. याला पिव्हट, म्हणजे धंद्याने घेतलेलं नवं वळण, म्हणतात असं सीईओने नंतर परीक्षकांना सांगितलं, आणि दहा टक्के हिश्श्याच्या बदल्यात वीस लाख मागितले. म्हणजे कंपनीची किंमत दोन कोटी. परीक्षकांमध्ये एक खरे कारखानदार होते. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "भाताची किंमत कशात धरली आहे?" भात मेसचा होता, आमच्याच भरलेल्या पैशांतला, तो मी कशातच धरला नव्हता. गॅसही नव्हता धरला.

सगळा खर्च वजा जाता हातात १,१४० रुपये उरले. ते वाटायला आम्ही कर्वेनगरच्या खोलीवर जमलो. सीईओला चाळीस टक्के हवे होते, सीटीओला ॲपचा वेगळा मोबदला, नागपूरकरीण केशरी शाईचं बिल घेऊन आलेली. आवाज चढला तशा काकू वर आल्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, कढई उलटी करून बुडाचं काजळ बघितलं, आणि मला विचारलं, "अगं, ती कंपनी हीच ना? कढई माझी, शेगडी माझी, सिलिंडर माझा. मग माझे टक्के किती?"

फार्मसीवाला आत जाऊन भांडी घासायला लागला.