कॅल्गरीच्या हिवाळ्यात गारठलेली बोटे: आमच्या बुटांवरील अभिप्रायाला उत्तर

महोदया,

गेल्या जूनमध्ये पुण्यातील आमच्या दुकानातून आपण गुडघ्यापर्यंतचे कातडी बूट, अस्तराचे हातमोजे आणि गरम राहणाऱ्या पुड्यांचे एक खोके घेतले होते. कॅनडातील कॅल्गरीजवळच्या तबेल्यात उणे १२ अंशांत घोड्यावर बसल्यावर वीस मिनिटांत पायांची बोटे बधिर झाली, लोकरी मोज्यांचे दोन जोड घालूनही उपयोग झाला नाही, हातमोज्यांत बोटे गारठली आणि पुड्या तर बुटात थंडच पडून राहिल्या, म्हणजे त्या बनावट आहेत, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. पुण्याच्या दुकानदाराला खरी थंडी ठाऊक नसते, असा शेराही शेवटी मारला आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. त्याचे जे कारण आपण धरले आहे ते मात्र आम्हाला पटत नाही, आणि हिवाळ्यात रपेटीला निघणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

प्रथम बुटांविषयी, कारण मूळ दुखणे तेथेच आहे. हे बूट बंदिस्त रिंगणातील सरावासाठी आणि स्पर्धेसाठी हवे आहेत असे आपण सांगितले होते, आणि आमच्या नोंदवहीत आपल्या पोटरीचे माप पातळ नायलॉनच्या मोज्यावरून घेतल्याची नोंद आहे. बूट एकेरी कातड्याचे आहेत, त्यांना आतून लोकरीचे अस्तर नाही, आणि बिलावरही तसे नमूद केलेले आहे. स्पर्धेचा बूट पोटरीला कातडीसारखा चिकटून बसावा अशीच अपेक्षा असते, म्हणजे खोगिराच्या पाखरावरून घोड्याला पायाचा इशारा नीट पोहोचतो. अशा मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की पोटरी आणि चवडा आवळले जातात. पाय उबदार राहतो तो रक्तामुळे. मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो, आणि तीही धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. मोजा चेपला गेला की ती हवा जाते, पाय आवळला गेला की रक्त पोहोचत नाही, आणि मग जितके जाड तितके थंड असा उलटा प्रकार होतो. आपण दुसरा जोड काढून टाकला असता तर कदाचित वीसची तीस-पस्तीस मिनिटे झाली असती. अर्थात उणे १२ अंशांत त्या बुटांकडून यापेक्षा जास्त अपेक्षा आम्हीही करणार नाही.

याला घोड्यावरच्या बैठकीची भर पडते. चालणाऱ्या माणसाची पोटरी पावलागणिक आकुंचन पावते आणि रक्त पुढे ढकलत राहते. स्वाराचा पाय मात्र लोंबता, एकाच स्थितीत असतो, आणि पायाचा सारा भार चवड्यावर पडतो. तो चवडा टेकलेला असतो रिकिबीवर, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीवर, गार धातूवर. आपली रिकीब कोणत्या धातूची आहे हे अभिप्रायात नाही, पण हलकी म्हणून हल्ली अॅल्युमिनियमची रिकीब बरेच जण घेतात, आणि अॅल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या दहापटींहून अधिक वेगाने वाहून जाते. स्पर्धेच्या बुटाचा पातळ तळवा ती उष्णता अडवू शकत नाही. रिकिबीच्या तळाला रबराची जाड पट्टी असावी, किंवा हिवाळ्यापुरती मजबूत प्लॅस्टिकची, चांगल्या प्रतीची रिकीब वापरावी. बुटात लोकरी नमद्याचा तळवा घालावा, पण बुटात त्यासाठी जागा असेल तरच.

मग वापरावे काय? मध्यम जाडीच्या लोकरी मोज्यांचा एकच जोड, आणि तो घातल्यावर बुटात पाचही बोटे मोकळेपणी हलवता येतील असा बूट. सुती मोजा मुळीच नको, कारण घोड्याला खरारा करताना, खोगीर उचलताना आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पायाला जो घाम येतो तो सूत शोषून धरते आणि रिकिबीत पाय स्थिरावला की तोच ओलावा गोठवू लागतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही अंगाला कोरडी लागते. तबेल्यातले काम एका मोज्यात उरकून स्वार होण्याआधी कोरडा मोजा चढवला, तर निम्मी लढाई जिंकलीच म्हणून समजा. आपल्याकडे तर चिनूक, म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा उबदार वारा, सुटला की काही तासांत बर्फाचा चिखल होतो; त्या दिवशी उणे १२ च्या दिवसापेक्षा पाय जास्त गारठलेले आढळतील, कारण एकेरी कातडे ओले झाले की ऊब धरत नाही. ओला बूट हीटरवर वाळवू नये, कातडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून खोलीतच वाळू द्यावा.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. आपण अभिप्रायात म्हटले आहे की पुढच्या वेळी बर्फात चालण्याचे जाडजूड बूट घालूनच घोड्यावर बसेन. कृपया तसे करू नका. त्या बुटांचा रुंद चवडा आणि खोल खाचांचा तळवा रिकिबीत अडकू शकतो, आणि घोड्यावरून पडताना पाय रिकिबीतून सुटला नाही तर स्वार फरफटत जातो. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा रिकीब सुमारे एक इंच जास्त रुंद असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. बुटाला छोटी टाच असावी आणि तळवा बऱ्यापैकी सपाट असावा. थंडीसाठी बनवलेले, अस्तराचे आणि झिपचे स्वारीचे बूट मिळतात. ते दिसायला जाड असले तरी या गोष्टी पाळूनच बेतलेले असतात. त्यांच्यासाठी मोठी रिकीब लागली तर ती अवश्य घ्यावी. गारठलेली बोटे सहसा तासाभरात सावरतात; फरफटत गेल्याची इजा तशी सावरत नाही.

आता हातमोज्यांविषयी. लगामाची जाणीव आणि ऊब या दोन्ही गोष्टी एकाच मोज्यात पूर्णपणे मिळत नाहीत. आपण घेतलेले हातमोजे जाणीव राखणारे आहेत आणि शून्याच्या आसपास ते चांगले काम देतात. दुडकी चालीत घोडा ताशी १३ किलोमीटरच्या आसपास जातो; वारा पडलेला असला तरी स्वाराला तेवढा वारा लागतोच. कॅनडा आणि अमेरिका यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार उणे १२ अंशांत या वेगाला चेहऱ्याच्या उघड्या कातडीला उणे १९ सारखी थंडी वाजते. हातमोज्यातील बोटांना हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण शिवणीच्या भोकांतून आणि मनगटापाशी वारा शिरतो तेव्हा दिशा तीच असते. अशा दिवसांत आतून रेशमी किंवा मेरिनो लोकरीचा पातळ मोजा आणि वरून वारा अडवणारा, एक माप मोठा मोजा घालावा. त्याहूनही थंडी असेल तर बोटे दोन गटांत राहतील असा दुभागलेला मोजा चांगला: एकत्र असलेली बोटे एकमेकांना ऊब देतात, आणि लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून नेता यावा म्हणून फट नेमकी तेथे असेल असा मोजा निवडावा.

थंडीमुळे आपण मूठ आवळतो, मूठ आवळली की बोटांतले रक्त आणखी कमी होते, आणि घोड्याचे तोंडही उगाच ओढले जाते. लगाम एका हातात घेऊन दुसरा हात खांद्यापासून मोठ्या वर्तुळात फिरवला की रक्त बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचते. घोडा शांत असेल तरच हे करावे हे वेगळे सांगायला नको. घोड्याच्या अंगाचे तापमान ३८ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे थांबल्यावर हात आयाळीखाली मानेला लावून ठेवणे हा जुना आणि फुकटचा उपाय आहे. (हात गरम झालेच असतील तर लगाम चढवण्यापूर्वी घोड्याच्या तोंडात बसणारे लोखंडी कडियाळेही हातात धरून ऊबवावे. गोठलेले लोखंड तोंडात घालणे घोड्यालाही सोसत नाही.) आणि बोटे बधिर होण्याची वाट न पाहता, दर वीस-पंचवीस मिनिटांनी खाली उतरून घोड्याबरोबर पाच मिनिटे चालावे. हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे आणि तो विकता येत नसल्यामुळे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पुड्यांवरचा बनावटपणाचा आरोप मात्र आम्ही स्पष्टपणे नाकारतो. त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि थोडे पाणी असते. हवेतला प्राणवायू लागला की लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते. आपण नेलेल्या पुड्या हातांसाठीच्या आहेत, आणि खोक्यावरही हाताचेच चित्र आहे. घट्ट बुटात त्यांना हवा मिळत नाही, म्हणून त्या थंड राहतात. तीच पुडी बुटातून काढून खिशात ठेवल्यावर गरम झाली, असे आपणच लिहिले आहे; बनावट पुडी गरम झाली नसती. पायांसाठी कमी हवेत चालणाऱ्या वेगळ्या, चपट्या पुड्या असतात. त्या नेहमी मोज्याच्या बाहेरून लावाव्यात, कारण बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही.

बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर आणि घरी आल्यावर लालभडक होऊन ठणकली, असे आपण ओझरते लिहिले आहे. थोड्याशा गारव्यातही असे वारंवार होत असेल तर तो प्रश्न बुटांचा नसून रक्तवाहिन्यांचा असू शकतो, आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवणेच योग्य. तोवर बधिर बोटे चोळू नयेत, शेकोटीपाशी धरू नयेत. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावीत, आणि पाण्याची ऊब दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगावी. शरीराचा मधला भाग गारठला की शरीर सर्वांत आधी हातापायांचे रक्त आखडते, तेव्हा मोज्यांइतकेच बिनबाहीच्या लोकरी बंडीकडेही लक्ष असू द्यावे.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि ती थंडी आपल्या थंडीपुढे काहीच नाही, हे मान्य. पण आमचे काही ग्राहक लेहमध्ये भर जानेवारीत झंस्कारी घोड्यांवर बसतात, आणि वर लिहिलेल्यातले बरेच काही आम्ही त्यांच्याकडून ऐकून, विचारून आणि मोजे-बूट परत मागवून पाहून शिकलो आहोत.

वापरलेल्या बुटांचे पैसे परत करता येणार नाहीत. तशी अट बिलावर आहे आणि बुटांत कातड्याचा किंवा शिवणीचा दोष नाही. तथापि आपण ते कोणाबरोबर पुण्याला पाठवल्यास आमचे कारागीर ते कलबुतावर, म्हणजे बुटाच्या साच्यावर, चढवून पोटरीला जितके सैल करता येतील तितके विनामूल्य सैल करून देतील. एकेरी कातडे साधारण अर्धा इंच सोडते, त्याहून अधिकाची हमी आम्ही देत नाही. न उघडलेल्या पुड्यांचे पैसे परत मिळतील. हातमोजे वापरलेले असले तरी त्याच किमतीत दुभागलेले मोजे बदलून देऊ. बूट पाठवण्यापूर्वी पोटरीचे माप मात्र नव्याने घेऊन कळवावे: सायंकाळी, दिवसभर उभे राहून झाल्यावर, खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवून, आणि हिवाळ्यात जो मोजा घालणार तोच पायात असताना.

आपला नम्र,
दुकानमालक, पुणे