हॅम क्लबने दर महिन्याला फॉक्स हंट घ्यायलाच हवा

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या क्लबचं नाव निघालं की "आपत्तीच्या वेळी उपयोगी" हे वाक्य येतंच. ते खरंही आहे. पण 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा हॅम ऑपरेटर भारती प्रसाद (कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, व्हीयू-टू-आरबीआय) आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये का होते, हे फारसं कुणी सांगत नाही. अंदमानातून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलायचं, एवढ्या हौसेसाठी ते तिथे गेले होते. अँटेना आधीच उभ्या होत्या, सेट चालू होते, हात सवयीत होते. म्हणूनच बाकीचे मार्ग बंद पडल्यावर त्यांच्याकडून निरोप जाऊ शकले. संकटात कामी आली ती हौसच. त्यामुळे क्लबच्या वर्षभराच्या कार्यक्रमात सत्कार आणि भाषणं कमी करा, हातात सेट घेऊन करायची कामं वाढवा, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या कामांत पहिला मान फॉक्स हंटचा.

एकाने छोटा ट्रान्समीटर, म्हणजे फॉक्स, लपवायचा आणि बाकीच्यांनी दिशा धरणारी अँटेना घेऊन तो शोधायचा, एवढाच हा खेळ. पण रिपीटरवर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे लांब पोचवणाऱ्या केंद्रावर, कुणाचा तरी माइक गाडीच्या सीटखाली दाबला जाऊन तासभर चॅनल अडकतो, तेव्हा तो सेट शोधायला हेच कौशल्य लागतं. विमानाचा आपत्कालीन बीकन 121.5 मेगाहर्ट्झवर जो सिग्नल सोडतो, त्याचा माग काढायची पद्धतही हीच.

अँटेना घरीच करा. टू मीटर बँडसाठी पोलादी मेजरटेपची तीन एलिमेंटची (पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, जगभर वापरली जाते आणि तिची मापं ठरलेली आहेत. मागचा रिफ्लेक्टर 105 सेंमी, केबल जोडायच्या मधल्या ड्रिव्हन एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी 45 सेंमी, त्यांच्यामध्ये अडीच सेंमी फट, आणि पुढचा डायरेक्टर 89 सेंमी. बेरीज केलीत तर 284 सेंमी होते, म्हणजे इंचभर रुंदीच्या 3 मीटरच्या एका टेपमध्ये सगळं बसतं. बूम, म्हणजे मधला दांडा, पीव्हीसी पाइपचा. रिफ्लेक्टरपासून ड्रिव्हन 20 सेंमीवर, तिथून डायरेक्टर पावणेबत्तीस सेंमीवर. रिफ्लेक्टरच्या मागे पाइप वीतभर जास्त ठेवा, तीच मूठ. टेप पाइपच्या क्रॉसवर होज क्लिपने आवळायची. साडेबारा सेंमी तारेचा यू आकाराचा हेअरपिन ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमध्ये जोडायचा. तो विसरलात तर एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप) बसणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ सोल्डरिंग खातं. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पोलाद उघडं करावं लागतं. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने हे काम होत नाही, कारण पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो आणि वर करड्या रंगाचा गोळा बसतो. तो दिसायला चिकटलेला, पण ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, असतो आणि टेकडीवर पहिल्या धक्क्याला सुटतो. 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, फ्लक्स लावा, आधी पत्र्यावर कथलाचा पातळ थर चढवा आणि मगच सेटकडे जाणारी केबल जोडा. सोल्डर पाण्यासारखं पसरून कडेला पातळ झालं की सांधा पक्का. टेपची टोकं गोल कापून त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळाच. झुडपातून जाताना ती टोकं नेमकी मागच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात.

केबल ड्रिव्हनपासून बूमला चिकटून मागे मुठीकडे न्यायची. ती एलिमेंटला समांतर लोंबत राहिली तर दिशा बिघडते. दुसरी चूक धरण्याची. फॉक्सची अँटेना उभी असेल तर यागीचे एलिमेंटही उभेच हवेत. आडवे धरलेत तर सिग्नल कमी होतोच, शिवाय जमिनीवरून आणि भिंतींवरून परतलेले सिग्नल खऱ्या सिग्नलपेक्षा जोरात वाटू लागतात.

आता दिशा घेण्याचं. नवखा माणूस सिग्नल सगळ्यात जोरात कुठे येतो ते बघतो. पण या अँटेनाचा शिखराचा भाग बराच रुंद असतो, त्यात वीस-तीस अंश सहज फसतात. त्यापेक्षा डावीकडे वळत सिग्नल ठरावीक पातळीला उतरला तो कोन लक्षात ठेवा, मग उजवीकडे तेवढाच उतरेपर्यंत वळा आणि दोन्हींचा मध्य घ्या. 1 किलोमीटरवर 10 अंशांची चूक म्हणजे सुमारे 175 मीटर, टेकडीवर तेवढ्यात अख्खी घळ बदलते. मोबाइलमधलं होकायंत्र वापरत असाल तर हँडी (हातातला छोटा सेट) लांब धरा. तिच्या स्पीकरमधलं चुंबक काटा फिरवतं आणि चूक अँटेनाच्या नावावर जाते. टू मीटरची तरंगलांबी जवळपास 2 मीटर, त्यामुळे परावर्तन असलेल्या जागी एक-दोन पावलं सरकलात तरी सिग्नल चढतो-उतरतो. म्हणून एकाच ठिकाणी तीन वाचनं, प्रत्येक वेळी थोडं सरकून.

परावर्तन हाच या खेळाचा खरा शिक्षक. पुण्यात वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे. असा उभा कातळ समोर असला की सिग्नल त्याच्याकडूनच येतोय असं ठामपणे वाटतं. उपाय एकच, उघड्या आणि उंच जागेवरून दिशा घ्या, प्रत्येक दिशेची नकाशावर रेघ मारा आणि बाकीच्यांशी न जुळणारी रेघ निर्दयपणे खोडा. दोन रेघा 30 अंशांपेक्षा कमी कोनात छेदत असतील तर त्या छेदबिंदूवरही विश्वास ठेवू नका. आडवं चालत जाऊन तिसरी रेघ काढा.

जवळ पोचल्यावर वेगळीच अडचण येते. साध्या हँडीवर सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या भरतात आणि कुठेही वळलात तरी मीटर हलत नाही. अशा वेळी 5-10 किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करा. किंवा यागी काढून छोटी अँटेना लावा, हँडी छातीशी घट्ट धरा आणि जागच्या जागी सावकाश फिरा. सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा फॉक्स तुमच्या बरोबर पाठीमागे असतो, कारण मध्ये तुमचं शरीर येतं. तिसरा मार्ग तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या तिप्पटीवर निघणाऱ्या सिग्नलचा. फॉक्स 145.500 मेगाहर्ट्झवर असेल तर 436.500 वर ऐका. तिथे तो फार क्षीण असतो, त्यामुळे अगदी जवळ गेल्यावरच ऐकू येतो.

लपवणाऱ्यासाठी थोडंसं. पॉवर 1 वॅटच्या आत ठेवा. 5 वॅटवर सतत चालणारी हँडी बंद डब्यात तापते. अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, हे चक्र पुरतं. प्रत्येक फेरीत मोर्समध्ये कॉलसाइन जायलाच हवं, आणि परवानाधारक माणूस जवळपास, सेट हाताशी येईल असा बसलेला हवा. शाळा-कॉलेजची मुलं आली तर प्रत्येक जोडीत एक परवानाधारक ठेवा. मुलांनी यागी फिरवावी, नकाशावर रेघा माराव्यात. परवान्याच्या परीक्षेला बारा वर्षं पूर्ण लागतात, पण रेघ मारायला वयाची अट नाही.

टीम एकमेकांना दिशा कळवतात तेव्हा नेटची, म्हणजे रेडिओवर अनेकांनी पाळीपाळीने बोलण्याची, शिस्तही अंगात मुरते. आकडे सुटे सांगायचे. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" रेडिओच्या खरखरीमुळे सारखेच ऐकू येतात, "पाच नऊ" आणि "सहा नऊ" तसे येत नाहीत. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने तो बरोबर असल्याचं कळवेपर्यंत कागदावर रेघ मारायची नाही.

फॉक्स सापडला की बहुतेक क्लब फोटो काढून घरी जातात. कृपा करून अर्धा तास थांबा. सगळ्यांच्या रेघा एकाच मोठ्या नकाशावर मारा, फॉक्सच्या जागी खूण करा आणि सगळ्यात जास्त चुकलेली रेघ कुठून घेतली होती ते शोधा. तिथे जवळ पाण्याची टाकी, पत्र्याची शेड किंवा विजेची लाइन आहे का ते जागेवर जाऊन बघा आणि नकाशावर लिहून ठेवा. तो नकाशा पुढच्या हंटला सोबत न्या.