पावसाळ्यात रात्रीचा घाट बंद ठेवा

जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ. सोमेश्वरहून कर्नाटकातला आगुंबेचा घाट चढत होतो. अर्ध्या घाटात ड्रायव्हर अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि दिवे चालूच ठेवून, छत्रीही न घेता खाली उतरले. मला वाटलं दरड आलीय. काचेवरचं पाणी पुसून पाहिलं, तर अण्णा रस्त्याच्या मधोमध ओणवे झालेले. ओंजळीत काहीतरी उचलून त्यांनी कडेच्या झुडपावर ठेवलं. मीही उतरले. पोपटी रंगाचा बेडूक होता, तळहाताएवढा. पानाला धरायला त्याने पाय फाकवले तेव्हा बोटांमधले केशरी पडदे दिसले. मलबारचा उडता बेडूक. आमच्या सावंतवाडीजवळच्या आंबोलीतही हा असतो.

पुढच्या वळणावर तसाच एक होता, पण चिरडलेला. केशरी रंग डांबरावर पसरला होता. त्याच्या पुढे एक साप, तोही गेलेला. वर पोचेपर्यंत मी अकरा मोजले. मग मोजायचं सोडून दिलं.

आगुंबे म्हणजे शिवमोग्गा जिल्ह्यातलं, तीर्थहळ्ळी तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं लहानसं गाव. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथल्या कड्याला थडकतात आणि रिते होतात. वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दसपट. ऑगस्ट १९४६ या एकाच महिन्यात ४५०८ मिलिमीटर नोंदला गेला होता. ‘दक्षिणेची चेरापुंजी’ म्हणून सगळे इथे येतात ते या आकड्यांसाठी आणि नागराजासाठी, म्हणजे किंग कोब्रासाठी. तिथे त्याला काळिंग म्हणतात. काडीकचरा, पानं ओढून आणून घरटं बांधणारी सापांमधली ही एकटीच जात. मादी उन्हाळ्यात घरटं रचते आणि पाऊस लागला की पिल्लं बाहेर पडतात. २०२४ साली सह्याद्रीतला नागराज ही वेगळीच प्रजाती असल्याचं संशोधकांनी मांडलं आणि तिला नाव दिलं तेही काळिंगाच. नागराजाच्या अभ्यासासाठी सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथे संशोधन केंद्र उभारलं. घराच्या पडवीत काळिंग आला तर इथली माणसं काठी शोधत नाहीत, पकडून जंगलात सोडणाऱ्याला फोन करतात. त्यांच्या लेखी तो देव आहे.

ज्यांच्या घरी उतरलो त्या अम्मा सत्तरीच्या. पोचल्या पोचल्या त्यांनी माझे पाय निरखून पाहिले. घोट्याजवळ दोन जळवा होत्या. त्यांनी मीठ लावून त्या काढल्या आणि थेट न्हाणीत पाठवलं. चुलीवर तांब्याचा भलामोठा हंडा, खाली सुपारीच्या वाळलेल्या झावळ्यांचा जाळ. आमच्या आजोळच्या मागीलदारी अगदी असंच होतं. अंघोळीनंतर धणे-जिऱ्याचा कषाय, मग अक्की रोट्टी (तांदळाची भाकरी) आणि आप्पेमिडीचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. अम्मांना मराठी येत नाही, मला कानडी येत नाही. भिंतीवर टांगलेला पानांचा गोरबू दाखवून मी ‘इरलं’ म्हटलं, त्यांनी ‘गोरबू’ म्हटलं, आणि दोघी हसलो. एकच वस्तू, एकच पाऊस.

सकाळी त्यांच्या मुलाने बाग दाखवली. सुपारीच्या घडांना प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या. पूर्वी सुपारीच्याच विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्याच्या बनवायचे, आता बांधणारी माणसं मिळत नाहीत. टोपी नसेल तर मोरचूद-चुन्याची फवारणी, तीही पावसाने उसंत दिली तर. नाहीतर कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजून गळते. आमच्याकडेही त्याला कोळेरोगच म्हणतात. ज्या पावसाचे आपण व्हिडिओ काढतो त्याच्याशी ही माणसं चार महिने झगडत असतात. म्हणूनच माझं बोलणं त्यांच्या विरोधात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर माझं म्हणणं असं. जून ते सप्टेंबर, रात्री नऊ ते सकाळी सहा, हा घाट पर्यटकांच्या गाड्यांना बंद असावा. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून याच वेळेत रात्री बंद असतो. ॲम्ब्युलन्स जातात, मोजक्या बस जातात. तिथे हत्ती आणि वाघ आहेत, म्हणून ते पटतं. बेडकांसाठी रस्ता बंद ठेवा म्हटलं की लोक हसतात. पण बेडूक नसतील तर त्यांच्यावर जगणारे साप नाहीत, आणि साप नसतील तर काळिंग काय खाणार? त्याचं मुख्य अन्नच इतर साप.

घाट असा बंद ठेवण्याबद्दल मी अण्णांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अक्का, माझ्या वडिलांना अटॅक आला तेव्हा रात्री दोन वाजता याच घाटाने मणिपालला नेलं. घाट बंद असता तर?” याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते मी त्यांनाही दिलं: गावची गाडी, आजाऱ्याची गाडी, रात्रीची एसटी कधीही अडवू नये. अडवायचं तर मला अडवा. मी रात्री साडेनऊला घाटात होते ते दुपारी उडुपीत जेवण लांबलं म्हणून. एवढंच कारण.

आणि हे फक्त आगुंबेपुरतं म्हणत नाही. जगात जो फक्त आंबोलीच्या परिसरातच सापडतो तो आंबोली भेक (बेडकाचीच एक जात) आपल्याच घाटरस्त्यावर चिरडला जातो. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, याचा मला सावंतवाडीकर म्हणून अभिमान आहे. पण शनिवारी रात्री धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की पोटात गोळा येतो.

परतताना आम्ही मुद्दाम सकाळी सात वाजता निघालो. धुकं होतं, अण्णा दुसऱ्या गियरवर उतरत होते. एका वळणावर त्यांनी न बोलता बोटाने दाखवलं. डबक्यावर झुकलेल्या फांदीला, पानांमध्ये गुंडाळलेला पांढरा फेसाचा गोळा लटकत होता. बेडकाचं घरटं. रात्रीतून कुणीतरी रस्ता ओलांडून तिथवर पोचलं होतं.