एक स्टार देणाऱ्या मॅडमना उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या सोसायटीच्या संगणकांवर आम्ही नवा ब्राउझर बसवला, त्यावरचा तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत. सोमवारी काउंटर उघडलं तर न सांगता ब्राउझर बदललेला, साठवलेले पासवर्ड गायब, पासबुकाची छपाई सरकलेली, आणि एवढं करून कोपऱ्यातला संगणक जुनाच, म्हणजे 'पैसे पूर्ण, काम अर्धं'. शेवटी 'होतं तेच परत घाला' असंही म्हटलंय. संस्थेचं नाव तुम्ही घातलेलं नाही, मीही घालत नाही. बेळगावात सौहार्द सहकारी सोसायट्या इतक्या आहेत की वाचणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, ते बरंच आहे.

आधी पासबुक. खिडकीपुढे खातेदार उभा आहे, रक्कम नेमकी घडीच्या शिलाईवर छापली जातेय आणि वर कोपऱ्यात वेबपत्ता उमटतोय, तर बोलणी तुम्हालाच खावी लागतात. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये समास आणि वरखालच्या ओळी एकदा लावल्या की ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवायच्या जागी बसायचं. नवा ब्राउझर तिथे बघतच नाही, त्याची छपाईची खिडकी स्वतंत्र. म्हणून प्रत्येक काउंटरवर कागदाचा आकार निवडायचा, समास शून्य करायचा, तारीख-पत्त्याची ओळ बंद करायची आणि एका रद्द पासबुकावर छापून बघायचं. हे रविवारी उरकता येत नाही, कारण तुमच्याकडे 'डे बिगिन', म्हणजे सिस्टीममध्ये दिवसाचं काम सुरू, झाल्याशिवाय पासबुकाचं पानच उघडत नाही. आमचा मुलगा त्या सकाळी तुमच्या शाखेत आला होता तो एवढ्यासाठीच. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये कागद कुठे अडतो ते आम्हाला टिळकवाडीत बसून दिसत नाही हो.

'न सांगता' म्हणाल तर व्यवस्थापकांकडे लेखी दिलं होतं, त्यांची सही घेतलेली प्रत आमच्याकडे आहे. कागद टेबलापर्यंत पोचला की नाही हा तुमच्या घरातला विषय. त्यात एक ओळ होती: शनिवारी जाताना संगणक चालू ठेवा. पण शाखा बंद करताना मेन स्विच पाडूनच निघायचं ही आपल्याकडची पद्धत, आणि हेस्कॉमच्या विजेचा भरवसा बघता त्यात गैर काही नाही. फक्त मग शनिवारी रात्री व्हायचं ते सोमवारी सकाळी होतं, तुमच्या डोळ्यांसमोर. म्हणूनच नव्या ब्राउझरची फाईल शाखेतल्याच एका मशीनवर आधी आणून ठेवली होती. शंभर एमबीच्या पुढची फाईल प्रत्येक संगणकाने वेगवेगळी खेचली असती तर शाखेच्या इंटरनेटवर दुपारपर्यंत एक व्हाउचर पुढे सरकलं नसतं.

पासवर्ड मात्र मुद्दाम आणले नाहीत. एकाच विंडोज लॉगिनवर तिघं बसत होती आणि ब्राउझर तिघांचेही पासवर्ड आपणहून भरत होता. क्रोम आणि एज पासवर्ड त्या-त्या विंडोज खात्याच्या कुलपात ठेवतात. प्रत्येकाला स्वतंत्र खातं दिलं की जुने तिकडेच राहतात. पासवर्ड साठवायची सोयही आता धोरणातून बंद आहे. आता रोज टंकायला लागेल, कटकट आहे हे मान्य. पण उद्या एखादी एंट्री कुणी मारली हे ऑडिटरने विचारलं तर 'तिघांपैकी कुणीतरी' हे उत्तर चालणार नाही, आणि त्या तिघांत तुमचंही नाव आहे.

आता 'होतं तेच परत घाला'बद्दल. ते होणार नाही. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला निवृत्त केला आणि 14 फेब्रुवारी 2023 ला एजच्या अपडेटमधून विंडोज 10 वर कायमचा बंद पाडला. क्रोमची जुनी आवृत्ती पुन्हा बसवली तर नवीने लिहिलेली प्रोफाइल ती नीट वाचेलच असं नाही, शिवाय सुरक्षेची बुजवलेली भोकं पुन्हा उघडी. ज्या खिडकीतून लोकांच्या ठेवी हलतात तिथे मी ते करणार नाही, तुम्ही शून्य स्टार दिले तरी.

तुमचं सभासद रजिस्टर हा खरा अवघड भाग होता, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं, रुळायच्या आधीचं ते पान, त्यातली मराठी नावं ईओटी या पानासोबत येणाऱ्या जुन्या प्रकारच्या फॉन्टवर उभी. तो प्रकार इंटरनेट एक्सप्लोररशिवाय कुठल्याच मोठ्या ब्राउझरने घेतला नाही. क्रोममध्ये उघडलं तर पाटील, देसाई, कुलकर्णी सगळे एकाच जातीच्या चिन्हांची रांग होऊन समोर येतात. तेवढा एकच पत्ता आम्ही एजच्या आयई मोडच्या, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायच्या सोयीच्या, यादीत घातलाय. बाकी सगळं नव्या इंजिनात आणि ते पान तेवढं जुन्या इंजिनात, त्याच खिडकीत. म्हणून तुम्हाला फरक जाणवला नाही. ही सोय निदान 2029 पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तोवर नावं युनिकोडमध्ये आणावीच लागतील, कन्नड नोंदींसकट. संचालक मंडळाला ते कळवलंय.

कोपऱ्यातला संगणक राहून गेलेला नाही. तो विंडोज 7 वर आहे आणि त्यावर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. त्याला पॅरलल पोर्टचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा, रुंद प्रिंटर जोडलाय, ती केबल नव्या मशीनला लागत नाही. त्यामुळे त्याची इंटरनेटची तार काढली आणि तो फक्त लेजर (खातेवही) छापायला ठेवला. त्यावर ब्राउझर बसवल्याचे पैसे बिलात लावलेले नाहीत, बिल मागवून बघा. कुणी सोयीसाठी त्यात मोबाईलचं नेट जोडत असेल तर तेवढं मात्र थांबवा.

काउंटरच्या मशीनना क्रोमच्या अपडेटचा आठ आठवड्यांनी बदलणारा चॅनेल दिलाय, नेहमीचा, त्याहून लवकर बदलणारा नाही. मधल्या काळात सुरक्षेची डागडुजी येत राहील, तेव्हा ब्राउझर बंद करून उघडा असा संदेश दिसेल. जेवणाच्या सुट्टीत तेवढं करा. निपाणी आणि खानापूरच्या शाखांचं काम आठवडी बाजाराचा दिवस टाळून करतोय. या वेळची सूचना व्यवस्थापकांबरोबरच प्रत्येक काउंटरवर चिकटवून जाऊ.