वाटीभर लवंगी घालायला सांगणारे कोण हे?

परवा सांगलीहून आत्याचा फोन आला. “अगं, त्या कोरियन लोकांच्या जिभा काय कातड्याच्या असतात का?” नातीच्या हट्टापायी तिनं किमची, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेला कोरियन कोबी, घातली होती, तीही व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड वाचून. त्यात काय लिहिलंय बघा: कोरियन मिरची जगात सगळ्यात तिखट, ती नसेल तर तेवढंच घरचं लवंगी तिखट घाला. पाच हजार वर्षांची परंपरा. मिरचीमुळेच किमची टिकते, म्हणून मीठ कमी. रंग मात्र केमिकलचा.

एका कोबीला वाटीभर लवंगी! नात दोन घासांत रडली, आत्याचे हात रात्रभर भगभगत होते.

आधी मापाचं बोलते. किमचीत पडते ती भरड लाल मिरची म्हणजे गोचुगारू. तिचा तिखटपणा साधारण १,५०० ते १०,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). आपली गुंटूर सन्नमच ३५,००० च्या आसपास जाते. गोचुगारू वाटीनं घालतात ती जीभ पोळायला नव्हे; रंग, गोडसर फळासारखी चव, किंचित धुरकट वास आणि दाटपणा यासाठी. वाळल्या मिरचीतल्या बिया नि पांढऱ्या शिरा बऱ्याचशा काढून टाकतात (खरा जाळ त्या शिरांतच असतो) आणि मग भरड दळतात. तांदळाच्या पिठाच्या खळीत ते तुकडे फुगतात, पानाला धरून बसतात. आपलं वस्त्रगाळ तिखट तिथं नुसता चिखल करतं. बारीक दळलेली तिकडेही असते, पण ती गोचुजांगसाठी, म्हणजे चिकट तांदूळ आणि मेजूची (आंबवून वाळवलेल्या सोयाबीनच्या ढेपेची) पूड घालून मुरवलेल्या लगद्यासाठी. बदली हवीच असेल तर ब्याडगी घ्या, बिया झटका, खलबत्त्यात भरड कुटा.

आता एक कबूल करते, नाइलाजानं. कोरियन नूडल्सनी तोंड जळतं, हे खोटं नाही. २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनानं तसल्या नूडल्सचे तीन प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले होते. छ्योंगयांग नावाची तिखट हिरवी मिरचीही तिथं आहे. पण पाकिटातल्या सॉसवरून अख्ख्या देशाची मिरची ठरवायची?

पाच हजार वर्षं म्हणे! मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या आधी ती आशियात नव्हती. कोरियात यी सू-ग्वांग या विद्वानानं १६१४ च्या ‘जिबोंग युसोल’ या ग्रंथात तिची नोंद केली, ती ‘जपानी मोहरी’ म्हणून, आणि वर विषारी असल्याचा इशारा देऊन. किमची जुनीच आहे, पण ती आधी बिनमिरचीची होती.

रंगाबद्दल काय बोलायचं? ब्याडगीचा लाल रंग कोणत्या कारखान्यातून येतो? आणि किमची टिकते ती मिठानं आणि आंबण्यातून तयार होणाऱ्या आम्लानं. मीठ कमी केलंत तर कोबी सडेल, एवढंच.

आत्या, बरणी फेकू नकोस. आंबट झालेली किमची कोरियात पिठात कालवून धिरड्यासारखी घालतात. तू चमचाभरच घे, नि पीठ भरपूर.