आत कसे आलात, एवढंच विचारतात

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा तापली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, 'तुमच्या घरात हे कधी झालं गं? आणि कशासाठी?' मी नगरची, आता कागदोपत्री अहिल्यानगरची. मिशन कंपाउंडात वाढले, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला असते. विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण ख्रिस्ती माणसाला विचारायला त्यांच्याकडे हा एकच प्रश्न असतो: दारातून आत कसे आलात?

इथे बाहेर कसं पडायचं याची चर्चा. जर्मनीत पत्ता नोंदवायला गेलात की अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक लिहिलं की कराबरोबर चर्चचाही कर कापला जातो. आमच्या राज्यात आयकराच्या 8 टक्के, बहुतेक राज्यांत 9. वर्षाचा आयकर 10,000 युरो असेल तर 800 युरो चर्चला. नको असेल तर जन्म-विवाह नोंदवतात त्याच कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, फी भरायची, सही करायची. चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, गाठसुद्धा घ्यावी लागत नाही. 2022 या एका वर्षात पाच लाखांहून अधिक कॅथलिक असे बाहेर पडले.

त्यातले बरेच जण पैसे वाचवायला जातात, हे ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर उघडच बोललं जातं. पण 2018 मध्ये बिशपांनीच करवून घेतलेला अहवाल आला. 1946 ते 2014 या काळात 3,677 मुलांवर धर्मगुरूंनी केलेल्या अत्याचारांच्या नोंदी त्यात होत्या. तो वाचून ज्यांनी सही केली, त्यांनी विश्वास सोडला असं मी म्हणणार नाही. माझी एक शेजारीण त्यातलीच. आजही चर्चच्या गायनवृंदात गाते, आजाऱ्यांना भेटायला जाते. कागदावर मात्र तिला धर्म नाही.

असे लोक मला नवे नाहीत. नगर जिल्ह्यात कित्येक घरं रविवारी उपासनेला बसतात आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू असतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. 1956 मध्ये शिखांना मिळाल्या, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग मात्र त्यातून बाद. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकीतली जात धुऊन निघते! रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची ही अट काढा असं सुचवलं, पण ती आजही जागची हलली नाही. इथे चर्चमध्ये राहायला वर्षाला काहीशे युरो पडतात. तिकडे उघडपणे राहायचं म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी पणाला लावायची. दोन्हीकडचे लोक कागदाचा हिशेब करतात. पण युरो वाचवणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत नाही, दाखला सांभाळणाऱ्याला मात्र म्हणतात, आणि हा दुजाभाव मला चीड आणतो.

राहिलं 'कशासाठी'. धान्यासाठी, असं ऐकायची सवय आहे. समजा, माझे पणजोबा दुष्काळात खरोखर मिशनच्या धान्यासाठीच आले. ते धान्य एका हंगामात संपलं असेल. त्यानंतर चार पिढ्या आम्ही त्याच बाकांवर बसलो. मिशनरी गेले, परदेशी पैसा आटला, पाळकांचे पगार थकले, जमिनींवरून आमच्याच लोकांनी एकमेकांवर खटले भरले (त्याबद्दल आमच्या पुढाऱ्यांना जेवढं बोलावं तेवढं थोडंच), तरी रविवारी बाजाची पेटी उघडते आणि 'उपासना संगीता'तली गीतं सुरू होतात. हे कोणत्या आमिषाने होतं, ते कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी सांगावं.

कवी नारायण वामन टिळकांचंही तेच. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि केवढी खळबळ उडाली, एवढ्यावरच गोष्ट थांबते. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मोठ्या वाटतात. नवरा बाटला म्हणून आकांत करणारी, काही वर्षं वेगळी राहिलेली, परत आल्यावरही सोवळं न सोडलेली ही बाई आपल्या गतीने, आपल्या मनाने ख्रिस्ती झाली. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरंच राहिलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेलं. निर्णयाच्या दिवसाला सगळे साक्षीदार असतात, पण वैधव्यात ओवी जुळवत बसायला एकटीलाच लागतं.

नवीन करारात पौल म्हातारपणी तुरुंगातून लिहितो, 'विश्वास राखला आहे'. आमच्याकडे कबरीच्या दगडावर हे वाक्य कोरतात. बाप्तिस्मा का घेतला, याचं कारण कोरलेला दगड मी अजून पाहिलेला नाही.

माझी मुलगी आता 14 वर्षांची होईल. जर्मन कायद्याने त्या वयापासून धर्माचा निर्णय मुलाचा स्वतःचा. आईबापाला त्यात बोलता येतं, ठरवता येत नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशात प्रौढ माणसालाही धर्म बदलायचा तर 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मुलगी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीआधीच्या, वर्गाला जाते, पण कधी कधी बुडवते, आणि प्रार्थनेचा उपयोग काय असं भर जेवणात विचारते. मी वाद घालते, वर्गाला ओढून नेत नाही. उद्या तिने बाहेर पडायचं ठरवलं तर मला वाईट वाटेल, रात्रीची झोप जाईल. पण तो अर्ज तिचा तिने भरावा. आणि नगरमधल्या तिच्या मामेबहिणीला आत यायला, राहायला किंवा बाहेर पडायला तेवढीच मोकळीक असावी, जिल्हाधिकाऱ्याला मध्ये न घेता. हवी तर फी घ्या.