पहिल्याच भागात जोडी जमवायची असेल तर

मंडळी, विज्ञानकथेची मालिका बघायला बसलात की विज्ञान, एलियन, सरकारी कट असल्या फालतू गोष्टींकडं लक्ष द्यायचं नाही. एक बाई आणि एक बाप्या पडद्यावर आले रे आले की जाहीर करायचं, जमलं! परवा निपाणीहून आलेल्या आमच्या आतेभावानं हे शास्त्र मला घरी बसून शिकवलं, ते फुकटात पुढं देतोय. मी धाकट्या बहिणीला 'द एक्स-फाइल्स' दाखवत होतो, ती एफबीआयच्या मल्डर आणि स्कली ह्या जोडगोळीची, चमत्कारिक केसेस सोडवणारी अमेरिकन मालिका; तिची पहिलीच वेळ.

पात्रांची नावं लक्षात ठेवायची नाहीत, 'तो लांबट तोंडाचा' आणि 'ती लाल केसांची' एवढं पुरे.

स्कलीला वरच्यांनी मल्डरवर नजर ठेवायला पाठवलंय आणि हे त्यालाही माहीत आहे, असला बारकावा कुणी सांगायला लागलं तर 'ते असू दे, लग्न कधी?' विचारायचं.

रिमोट मात्र आपल्याच हातात पाहिजे. का, ते सांगतो. १९९३ सालचा पहिला भाग, ओरेगॉनमधलं मोटेल, पाऊस, करंट गेलेला, आणि स्कली गाऊनवर मेणबत्ती घेऊन मल्डरच्या दारात. कमरेजवळ बारीक फोड आलेत, केसमधल्या मेलेल्या पोरांच्या अंगावर होते तसलेच वाटतायत म्हणून बाई टरकलेली. तो वाकून बघतो आणि सांगतो, डास चावलेत. आता जूनमध्ये करंट जाणं, मेणबत्ती आणि डास ह्यातच ज्यांची हयात गेली त्या बेळगावकडच्या माणसाला तरी हा सीन कळावा की नाही? पण नाही, आमचे साहेब सोफ्यावरून पुढं सरकले, 'आता बघ, आता बघ!' ती सुटकेनं त्याला क्षणभर मिठी मारते, बस्स. मग ती पलंगावर आडवी, तो खाली जमिनीवर बसलेला, आणि लहानपणी आपली बहीण घरातून कशी नाहीशी झाली ते तो तिला सांगायला लागतो, म्हणजे जी आपल्यावर पाळत ठेवायला आलीय तिलाच! आणि नेमकं तिथं ह्या माणसानं फॉरवर्ड मारलं. म्हणे, 'पुढं काय नाही बघ, नुसतं बोलायलेत.'

नुसतं बोलायलेत!

एवढ्यावर भागलं नाही तर मोबाईल काढायचा, नोव्हेंबर १९९९ मधला सातव्या सीझनचा किस शोधायचा, बहिणीच्या नाकासमोर धरायचा आणि वर सांगायचं, 'पोरगं पण हुतंय दोघांस्नी.' झालं, कित्येक वर्षांची मालिका दोन मिनिटांत उरकली, चहा टाका.

आपली सवयच ती. बेळगावात आरपीडी कॉर्नरला दोघं एका छत्रीत दिसले की संध्याकाळपर्यंत टिळकवाडीत पत्रिका छापून तयार.

अरे पण मर्दा, मालिका काढणाऱ्या ख्रिस कार्टरला मुळात ह्या दोघांचं जमवायचंच नव्हतं, म्हणून तर जे काय आहे ते नजरेत आणि बोलण्यात आहे. पहिल्याच सीझनमध्ये रात्री गाडीत पहाऱ्यावर बसलेल्या मल्डरसाठी ती खायला घेऊन येते, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी मी नोकरी पणाला लावली नसती असं काहीतरी सांगते, आणि तो म्हणतो की त्या पिशवीत आइस टी असला तर हे प्रेमच समजायचं. निघतं रूट बिअर, म्हणजे तिकडचं एक थंड पेय! कुणी कुणाला हात लावत नाही, गाणं नाही, वारा सुटत नाही, आणि तरी माझ्या बहिणीनं ते स्वतः बघितलं असतं तर ती गालात हसली असती. ते हसू घालवलंस तू. आता ती प्रत्येक सीनला 'हे माहीत आहे मला' म्हणून मोबाईल बघत बसते.

आणि तुम्हीही हसू नका, 'शेवटी काय होतं तेवढं सांग' म्हणणारे तुम्हीच. पाच मिनिटं गप्प बसवत नसेल तर आत जाऊन झोपा की. रिमोट तेवढा ठेवून जा.